गार्द नाही

आमच्या घरात आणीबाणीतल्या तुरुंगाच्या गोष्टी दोन प्रकारच्या होत्या. एक अण्णांच्या. अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. त्यांच्या गोष्टींत सगळी गंमत. संघवाले पहाटे उठून प्रार्थना म्हणायचे तेव्हा समाजवादी मुद्दाम घोरायचे, जमाते-इस्लामीच्या एका मौलवींनी निम्म्या बराकीला उर्दू अक्षरं गिरवायला लावली, साठी उलटलेल्या एका मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा व्हॉलीबॉलला हात लावला आणि चेंडू थेट जेलरच्या टेबलावर पाठवला. दुसऱ्या गोष्टी आजीच्या. त्यांत व्हॉलीबॉल नव्हता. त्यांत इन्शुलिनची बाटली होती, थर्मास होता, तिकीट लावलेले अर्ज होते आणि तुरुंगाच्या मोठ्या फाटकातली वाकून आत जायची दिंडी होती.

लहानपणी आम्हाला अर्थातच अण्णांच्या गोष्टी आवडायच्या. आजीच्या गोष्टी कळायला वय व्हावं लागलं.

अण्णांचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून निघणारं चार पानी साप्ताहिक होतं. खप असा की प्रत्येक वर्गणीदाराला ते नावानं ओळखत. जुलै १९७५ मध्ये त्यांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून अंक काढला, पुढच्या आठवड्यात पोलीस दारात. ‘मिसा’खाली स्थानबद्ध. आरोप नाही, खटला नाही, त्यामुळे शिक्षा किती ते माहीत नाही. पुढे २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसचा अर्जसुद्धा चालणार नाही. तो निकाल बराकीत कळला त्या दिवशी कुणी जेवलं नाही, असं अण्णा सांगत. आजी म्हणायची, “हे जेवले असणार. यांना न जेवून चालणारं नव्हतं.”

कारण अण्णांना मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं आणि मग वेळेवर जेवायचं, एवढं साधं पथ्य. बाहेर ते आजी सांभाळत होती. आत ते सरकारनं सांभाळायचं होतं.

तुरुंगात दिवस लवकर संपतो. पाचच्या सुमारास भाकरी-भाजी वाटायची, सहाच्या आत मोजणी करून बराकींना कुलूप. त्याला बंदी म्हणत. सुई ही टोकदार वस्तू, म्हणून काचेची सिरिंज तुरुंगाच्या दवाखान्यात. ती घेऊन कंपाउंडर यायचा तो त्याच्या सवडीनं. कधी भाकरी पोटात गेल्यावर. कधी दुपारी तीनलाच, आणि मग त्या दिवशी नेमकं जेवण उशिरा. अण्णा नाराज व्हायचे नाहीत, शिकले. त्यांनी भाताच्या बदल्यात एका जन्मठेपेच्या कैद्याकडून गुळाचा खडा मिळवायचा शिरस्ता ठेवला आणि तो खडा उशाला कागदात बांधून ठेवायला लागले. एका रात्री दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, तेव्हा त्यांनी तो खडा तोंडात टाकला आणि शेजारच्या मास्तरांना एवढंच सांगितलं की मी बरळायला लागलो तर आणखी साखर घाला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्यांनी विनोद म्हणून सांगितली. शेवटपर्यंत ती विनोद म्हणूनच सांगितली.

रात्री कुणाला खरंच काही झालं तर काय, हे मी त्यांना मोठेपणी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आधी आतल्यांनी थाळ्या वाजवायच्या. फेरीवरचा पहारेकरी येणार, गजांतून बघणार. त्याच्याकडे किल्ली नसते. तो जमादाराला उठवणार. जमादाराकडेही नसते. तो जेलरसाहेबांच्या क्वार्टरवर जाणार. साहेब डगला चढवून येणार, किल्ल्यांची पेटी उघडणार, रजिस्टरमध्ये वेळ लिहिणार. तोवर डॉक्टरला निरोप गेलेला असला तर असला. छातीत कळ आलेला माणूस या सगळ्यांची वाट बघत असतो. “आणि यातला प्रत्येक जण,” अण्णा म्हणाले, “आधी एकच ठरवत असतो. हा नाटक करतोय का?”

हे नुसतं स्वभावाचं नाही, कायद्यातच तसं आहे. १८९४ चा तुरुंग कायदा मी नंतर मुद्दाम वाचला. त्याचं ३७ वं कलम म्हणतं की ज्या कैद्याला डॉक्टरला भेटायचं असेल किंवा जो आजारी दिसेल त्याचं नाव, त्याच्यावर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्यानं विनाविलंब जेलरला कळवावं. जेलरनं ते पुढे डॉक्टरच्या नजरेला आणावं. वाचायला चांगलं वाटतं. पण पायऱ्या बघा. रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये दोन माणसं उभी आहेत आणि दोघांचंही काम पहारा देणं आहे. इंग्रजानं हा कायदा केला त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच कायद्याखालच्या तुरुंगात ‘केसरी’चे संपादक गेले, आणि तेव्हापासून सरकारं बदलली तरी ही दोन माणसं तिथेच राहिली.

टिळकांचं उदाहरण अण्णा नेहमी द्यायचे, कारण रोग तोच. २२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली ती ‘केसरी’तल्या लेखांबद्दल. वय बावन्नला टेकलेलं, मधुमेह आधीपासूनचा. अंदमानऐवजी ब्रह्मदेशात मंडालेला नेलं, शिक्षा साधी केली. इन्शुलिन तेव्हा जगातच नव्हतं. ते माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९२२ मध्ये, टिळक गेल्यावर दीड वर्षानं. म्हणजे औषध एकच, आहार. आणि तुरुंगात आहार म्हणजे सरकारी परवानगी. गहू-तांदूळ बंद करून जवाच्या पिठावर राहायची मुभा त्यांना मिळाली, स्वयंपाकाला एक मराठी कैदी मिळाला. लाकडी फळ्यांच्या त्या बराकीत उन्हाळ्यात फुफाटा आणि हिवाळ्यात वारा सरळ आत यायचा. तिथेच पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून झालं. आपण सगळे ते एवढंच लक्षात ठेवतो. आजीला ते कौतुक मान्य होतं, पण ती विचारायची, “आणि त्या सत्यभामाबाई?” त्या ७ जून १९१२ ला पुण्यात गेल्या. नवरा मंडालेत. त्याला तारेनं कळलं. सुटका व्हायला अजून दोन वर्षं होती. घरातला एक माणूस आत गेला की बाहेरच्याच्या दुखण्याकडे कुणी बघायचं, हा आजीचा प्रश्न, आणि तो कुठल्याच चरित्रात मला नीट भेटलेला नाही.

आमच्या घरातली आणखी जुनी गोष्ट कंदिलाची. अण्णांचे वडील पुण्यात शिकायला होते तेव्हाची. १२ जानेवारी १९२४ ला येरवड्यातल्या एका कैद्याला पोटात असह्य दुखतं म्हणून ससूनमध्ये आणलं होतं. तोही संपादकच: ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल अहमदाबादच्या न्यायालयानं १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षं दिली होती. अपेंडिक्स सुजलेलं. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट बघायला वेळ नव्हता. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं कापायचं ठरवलं. आधी नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून एक निवेदन लिहून घेतलं, गांधीजींनी त्यावर सही केली: माझ्या संमतीनं शस्त्रक्रिया होते आहे, डॉक्टरांनी माझी उत्तम काळजी घेतली आहे. उद्या काही झालं तर देश पेटायला नको. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. माणूस वाचला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं त्याला विनाअट सोडून दिलं. ससूनमध्ये ती खोली आजही जपलेली आहे.

पणजोबा ही गोष्ट इंग्रज डॉक्टरच्या मोठेपणाची म्हणून सांगत, आणि मॅडॉकचा हात खरोखर मोठाच. पण अण्णा तीच गोष्ट सांगून झाल्यावर एक पुस्ती जोडत: “त्या दिवशी येरवड्यात आणखी कुणाचं पोट दुखत असेल, त्याचं काय झालं?” मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली त्या पुस्तीत आहे. ज्याच्या मरणाची सरकारला धास्ती, त्याला सर्जन. बाकीच्यांना मिक्श्चर. अण्णांच्या तुरुंगात ते दोन रंगांत मिळायचं, लाल आणि पांढरं. लाल कशाचं आणि पांढरं कशाचं हे कंपाउंडरलाही सांगता यायचं नाही.

आणि धास्ती असूनसुद्धा सगळं सरळ होतंच असं नाही. पुण्यातलाच आगाखान पॅलेस घ्या. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडून आणलेले महादेवभाई देसाई, गांधीजींचे सचिव आणि जातिवंत पत्रकार, सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला सकाळी कोसळले आणि काही मिनिटांत गेले. वय पन्नास. सुशीला नय्यर डॉक्टर होत्या, त्याही कैदीच. पुढे डॉ. गिल्डर आले, मुंबई प्रांताचे माजी आरोग्यमंत्री आणि हृदयरोगाचे मोठे जाणकार, पण तेही येरवड्यातून हलवलेले कैदी. म्हणजे राजवाड्यात डॉक्टर होते ते सरकारनं पकडले होते म्हणून! अण्णांच्या बराकीत हेच होतं. एक स्थानबद्ध डॉक्टर रोज सकाळी कडुलिंबाखाली बसायचे आणि अख्खं सर्कल त्यांच्याकडे रांग लावायचं, कधी कधी ड्यूटी संपलेले पहारेकरीही. स्टेथोस्कोप आत आणायला त्यांना परवानगी मिळता मिळता पावसाळा संपला. तोवर ते छातीला कान लावून तपासत.

तिथेच कैदेत असलेल्या कस्तुरबांचं दुखणं मात्र लांबलं. हृदयविकार, मग न्यूमोनिया. त्यांना आयुर्वेदिक वैद्य हवे होते, निसर्गोपचारवाले डॉ. दिनशॉ मेहता हवे होते. माणसं सरकारनं नाकारली नाहीत, पण प्रत्येक मागणीला पत्रव्यवहार लागला आणि दिवस गेले. वैद्य शिव शर्मा आले तर रात्री आत राहायची त्यांना परवानगी नाही. म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपायचे, रात्री रोगी अस्वस्थ झाला की त्यांना उठवून आत आणायचं. गांधीजींना यासाठी सरकारला पत्र लिहावं लागलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीला, कस्तुरबा गेल्या. नंतर ब्रिटिश पार्लमेंटात सांगण्यात आलं की त्यांना शक्य ती सर्व वैद्यकीय मदत मिळत होती. गांधीजींनी त्याचा लेखी प्रतिवाद केला. मोटारीत झोपलेला वैद्य हाही कागदावर “उपलब्ध वैद्य”च असतो, हे लक्षात घ्या. कागद खोटा नसतो. फक्त त्यात फाटक लिहिलेलं नसतं.

आजीची फाटकाची गोष्ट आता सांगायला हरकत नाही.

तुरुंगात इन्शुलिन संपलं की घरून आणून द्या, असा निरोप यायचा. मे महिना. ती पहाटेच्या एसटीनं निघायची, बरोबर माझी आई, तेव्हा कॉलेजात. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या. फाटकावर झडती. झडती घेणाऱ्यानं थर्मास उघडला, आत बघितलं आणि बर्फ गटारात ओतला. बर्फ आत न्यायला मनाई आहे. बाटल्या? त्या घेतल्या. डॉक्टरसाहेबांची सही झाल्यावर आत जातील. साहेब? आज सुटीवर. मग तोवर कुठे ठेवणार? त्यानं टेबलाचा खण उघडून दाखवला. पत्र्याच्या छपराखालच्या त्या ऑफिसात, त्या खणात, शिक्के आणि टाचण्यांच्या शेजारी, बाटल्या किती दिवस राहिल्या कोण जाणे. इन्शुलिन उन्हात पडलं की त्याचं पाणी होतं, हे आजीनं त्याला समजावून सांगितलं. तो उद्धट नव्हता. म्हणाला, “बाई, मला कळतं. पण बर्फाचं लिहिलेलं नाही.”

त्या दिवसापासून आजी लिहायला लागली. तोवर तिनं माहेरच्या पत्रांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडे जाऊन ती अर्ज टाइप करून घ्यायची: जिल्हाधिकारी, तुरुंग अधीक्षक, गृहसचिव. “सबब विनंती की”नं सुरू होणारं शेवटचं कलम तिला पाठ झालं. प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती, एकीवर पोच. पोच दिल्याशिवाय ती टेबलापासून हलायची नाही. बिस्किटांच्या एका डब्यात तो सगळा गठ्ठा होता आणि आईनं तो मला दाखवला आहे. त्यातला एक अर्ज मंजूर झाला: अण्णांच्या बराकीत पाण्याचा माठ आणि माठाच्या आत बाटली ठेवायला परवानगी. महाराष्ट्र शासनाकडून एक माठ मिळवायला पावणेदोन पानी टाइप केलेला कागद लागला.

त्याच्या काही महिने आधी बाहेरून एक बातमी झिरपली होती आणि तिनं आतल्या सगळ्या आजारी माणसांची झोप उडवली होती. जयप्रकाश नारायण यांना २६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत पकडून पुढे चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात ठेवलं होतं. म्हणजे तुरुंगसुद्धा नाही, देशातलं एक उत्तम इस्पितळ. नोव्हेंबरात त्यांना पॅरोलवर सोडलं तेव्हा मूत्रपिंडं गेलेली होती. मुंबईला जसलोकमध्ये आणलं आणि तिथून पुढे मरेपर्यंत, ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, डायलिसिस. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हा खूप झाली. अण्णांचा तिच्यावर विश्वास नव्हता, माझाही नाही. आणि विषाची गरजही नसते. एकटा ठेवलेला, जुन्या दुखण्यांचा सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्या तक्रारीकडे बघणारे आधी दिल्लीकडे बघतात, तो एवढ्यानंही खचतो.

जयप्रकाशांसाठी निदान जसलोक होतं. स्नेहलता रेड्डींसाठी तेही नाही. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातली चंद्री. मे १९७६ मध्ये बडोदा डायनामाइट प्रकरणात त्यांना पकडलं, बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं आणि आरोपपत्रात मात्र त्यांचं नाव आलं नाही. दम्याचा जुना विकार. ओलसर, कोंदट कोठडी आणि दमा यांचं नातं सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधू दंडवते त्याच तुरुंगात होते. रात्रीच्या शांततेत स्नेहलतांचं ओरडणं ऐकू यायचं, अशी आठवण त्यांनी पुढे नोंदवली आहे. दंडवते गावात सभेला आले की अण्णा त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. त्या दोघांत तुरुंगाचा विषय निघाला की एरवी विनोदी असलेले अण्णा गप्प राहायचे, असं आई सांगते. स्नेहलतांना १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर सोडलं. २० जानेवारीला त्या गेल्या. मरण तुरुंगात झालं नाही, त्यामुळे तुरुंगातल्या मृत्यूंच्या यादीत त्यांचं नाव नाही. ही युक्ती जुनी आहे. इंग्रजही शेवटच्या टप्प्यातल्या क्षयाच्या राजबंद्यांना “प्रकृतीच्या कारणास्तव” घरी पाठवत.

आता अण्णांची बोटं. त्यांच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. आम्ही नातवंडं विचारायचो तर ते म्हणायचे, “दोन सरकारजमा झाली.” गोष्ट अशी. पावसाळ्यात चपलेचा खिळा लागला. मधुमेह्याच्या पायाला खिळा म्हणजे काय ते कडुलिंबाखालच्या डॉक्टरांना लगेच कळलं. तुरुंगाच्या डॉक्टरलाही कळलं. त्यानं त्याच दिवशी लिहून दिलं: सिव्हिलला दाखवावे. आता सिव्हिलला न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून गार्द यावी लागते, बंदोबस्ताचे शिपाई. सोमवारी गार्द नाही. गुरुवारी मंत्र्यांचा दौरा. पुढच्या आठवड्यात गणपती. जखम काळी पडायला लागली. मास्तर रोज सकाळी जेलरच्या ऑफिसात जाऊन विचारायचे, आणि रोज उत्तर एकच, रागानं नाही, थंडपणे: गार्द नाही. शेवटी वास यायला लागला तेव्हा गार्द मिळाली. सिव्हिलच्या सर्जननं बोटं काढली आणि म्हणाला, आठ दिवस आधी आणलं असतं तर ड्रेसिंगवर भागलं असतं. खाटेला पाय साखळीनं बांधला होता. उजवा. डावा बांधण्यासारखा नव्हता.

यावर अण्णा आणि आजी यांचा कधीच समेट झाला नाही. अण्णा म्हणत, डॉक्टरचा काय दोष, तो बिचारा लिहून मोकळा झाला. आजी म्हणायची, “मोकळा झाला हाच दोष.” मी आजीच्या बाजूचा आहे. घरच्या रोग्याला पुढे पाठवलं आणि तो गेला नाही, तर कुठलाही बरा डॉक्टर दुसऱ्या दिवशी चौकशी करतो. तुरुंगातल्या डॉक्टरनं ती करायची तर कुणाकडे? अधीक्षकाकडे, ज्याच्या हाताखाली तो रोज बसतो.

अण्णा १९९१ मध्ये गेले, आजी त्यानंतर बारा वर्षांनी. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की या गोष्टी आता कुटुंबापुरत्या झाल्या. मग डिसेंबर २०२० मध्ये एका सकाळी आईनं वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं. तळोजा तुरुंगात असलेले पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला होता. त्याशिवाय त्यांना जवळपास दिसत नाही. घरच्यांनी पोस्टानं नवा पाठवला, तुरुंगानं पार्सल घेतलं नाही, अशी कुटुंबाची तक्रार. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. शिंदे आणि न्या. कर्णिक यांच्या खंडपीठाला सांगावं लागलं की माणुसकी सगळ्यात महत्त्वाची, तुरुंग अधिकाऱ्यांसाठी आता कार्यशाळा घ्या. आई एवढंच म्हणाली, “बर्फच ओतला की.”

त्याच तुरुंगात तेव्हा फादर स्टॅन स्वामी होते. ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक, वय त्र्याऐंशी, कंपवात. हात इतके थरथरत की पेला तोंडापर्यंत जात नसे, म्हणून ते नळीचा पेला वापरत. ६ नोव्हेंबरला त्यांनी विशेष न्यायालयात तो पेला आणि स्ट्रॉ मागितला. तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला वीस दिवस घेतले, आणि उत्तर होतं की आमच्याकडे तो नाही. पुढच्या मे महिन्यात उच्च न्यायालयापुढे व्हिडिओवरून ते म्हणाले की इथे आलो तेव्हा माझं मी खात होतो, आंघोळ करत होतो, आता ते सगळं गेलं, जे.जे.ला नको, जामीन द्या. नंतर वांद्र्याच्या होली फॅमिलीत हलवलं. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी चालू असताना डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की ते गेले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण ती अण्णांच्या काळाहून वेगळी आहे. ‘मिसा’त कोर्टाचं दारच बंद होतं. आता दार आहे, पण ‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्याच्या ४३-ड कलमानं जामीन इतका अवघड केला आहे की खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात आणि आजारपण ही एकच फट उरते. म्हणजे कैद्याची सुटका त्याच्या दुखण्यावर अवलंबून. मग दुखणं आहे की नाही यावरच लढाई. रोग्याला बरं म्हणण्यात सरकारी वकिलाचा फायदा, आणि तपासणीचा कागद तयार होतो तुरुंगात. तेलुगू कवी वरवरा राव यांना २२ फेब्रुवारी २०२१ ला उच्च न्यायालयानं सहा महिन्यांचा जामीन दिला तो तळोज्याच्या दवाखान्याची व्यवस्था अपुरी आहे हे बघून. तारीख कस्तुरबांची, हा योगायोग. पण ते होईपर्यंत त्यांना एका इस्पितळातून दुसऱ्यात किती वेळा हलवावं लागलं! केरळचे पत्रकार सिद्दिक कप्पन कोरोनात मथुरेच्या इस्पितळात खाटेला साखळीनं बांधलेले आहेत, असं त्यांच्या पत्नीनं कळवलं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं त्यांना दिल्लीला आणलं. साखळीबद्दल वाचताना मला अण्णांचा उजवा पाय आठवला.

ही सगळी नावं निदान आपल्याला माहीत आहेत. म्हणून न्यायालयं वेळ काढतात, वर्तमानपत्रं छापतात. प्राध्यापक जी. एन. साईबाबांची चाकाची खुर्ची आणि नागपूरची अंडा सेल यांबद्दलही पुष्कळ लिहून आलं. साईबाबांच्याच खटल्यात पांडू नरोटे नावाचा गडचिरोलीतला एक आदिवासी तरुण होता. नागपूरच्या तुरुंगात असताना त्याला ताप आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो मेला. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि फेरसुनावणी होऊन ५ मार्च २०२४ ला पुन्हा तोच निकाल लागला. अण्णांच्या त्या पुस्तीतला “आणखी कुणाचं पोट” म्हणजे हा पांडू.

हे बदलायला फार मोठी क्रांती लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांबद्दलचे जे नियम मंजूर केले, ज्यांना मंडेलांचं नाव दिलं आहे, त्यातला २७ वा नियम सांगतो की उपचाराचा निर्णय फक्त आरोग्याचं काम करणाऱ्यांनी घ्यायचा आणि तुरुंगाच्या बाकी कर्मचाऱ्यांनी तो डावलायचा नाही. आपल्याकडे तो राबवायचा तर माझ्या मते एवढं पुरे: तुरुंगाच्या डॉक्टरची बदली, बढती, गोपनीय अहवाल यांतलं काहीही अधीक्षकाच्या हातात नको. डॉक्टरनं हलवा म्हटल्यावर त्या दिवशी कैदी हलला नाही, तर का हलला नाही ते अधिकाऱ्यानं स्वतःच्या सहीनं लिहावं आणि त्याची नक्कल संध्याकाळच्या आत घरच्यांना व न्यायालयाला जावी. “गार्द नाही” हे तोंडी सांगणं फार सोपं आहे. खाली नाव घालून सही करायची म्हटली की गार्द मिळते.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, कुठल्याही पक्षाचं, कुठल्याही आरोपाखाली, तर औषधाची मागणी तोंडी करू नका. अर्ज लिहा, डॉक्टरचा जुना कागद जोडा, पोच घ्या, एक प्रत न्यायालयात द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानं दिलेला आहे.